मागून ठक् वाजतंय: जुन्या माझदा एमएक्स-५चा आवाज शोधायची रीत

एप्रिल उजाडला, इकडे जरा उन्हं पडायला लागली, की फोन सुरू होतात. पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या पट्ट्यात आलेली आपली मंडळी. दोन-तीन वर्षं इथे काढली, हातात चार पैसे खेळायला लागले, की त्यातला एखादा जुनी एमएक्स-५ घेतो, माझदाची टप उघडणारी दोन सीटची गाडी. टप उघडून दोन रविवार मनसोक्त फिरतो आणि तिसऱ्या रविवारी विचारतो, "दादा, मागून ठक् ठक् वाजतंय. डिफरन्सियल गेलं का?"

बहुतेक वेळा गेलेलं नसतं. पण तोवर त्याने कुठेतरी वाचून जुनं डिफरन्सियल, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारी दातांची पेटी, शोधायला सुरुवात केलेली असते. ते थांबावं म्हणून हे लिहितोय. डोळ्यासमोर आहे ती पहिल्या पिढीची एमएक्स-५, १९८९ ते १९९७ दरम्यान बनलेली, बॉनेटमधून वर उघडणाऱ्या हेडलाइटची. तपासाची रीत मात्र मागच्या चाकांना जोर देणाऱ्या कुठल्याही जुन्या दोन सीटच्या गाडीला लागू पडते.

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. ड्रायव्हर गाडी लावून "मागं वाजतंय" म्हणाला की बाबा खाली वाकायच्या आधी त्याला विचारायचे, "कधी वाजतं?" भरलेल्या गाडीत की रिकाम्या? चढाला की उताराला? गिअर टाकताना की क्लच सोडताना? पाच-सहा प्रश्न झाले की मगच पान्हा हातात. कुठे वाजतं हे ते विचारायचेच नाहीत. लहानपणी मला त्याचं नवल वाटायचं. स्वतःची एमएक्स-५ आल्यावर कारण कळलं: 'कुठे' हे कानाला नीट सांगता येत नाही, 'कधी' मात्र अचूक सांगता येतं.

या गाडीत तर कान हमखास फसतो, आणि त्याचं कारण तिच्या बांधणीत आहे. गिअरबॉक्स आणि डिफरन्सियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब तुळई खालून जाते. माझदा तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणते. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला स्वतंत्र माउंटिंग नाही, ते टोक या तुळईनेच तोललेलं असतं. इंजिन, गिअरबॉक्स, तुळई आणि डिफरन्सियल ही सगळी एकच लांब वस्तू समजा. ती चारच रबरांवर बसलेली आहे: पुढे इंजिनची दोन, मागे डिफरन्सियलची दोन. अ‍ॅक्सिलरेटर दिला की गिअर लगेच उत्तर देतो, ती मजा या तुळईचीच. पण मागे डिफरन्सियलपाशी झालेली ठक् त्याच तुळईतून पुढे येते आणि तुमच्या कोपराजवळ, गिअरच्या दांड्यापाशी ऐकू येते. उलट, डिकीत सैल पडलेला जॅक अगदी चाकातून वाजल्यासारखा वाटतो.

आधी कागद, मग पान्हा

पहिला आठवडा काहीही उघडू नका. गाडीत एक छोटी वही ठेवा. आवाज आला की गाडी बाजूला घेऊन लिहा: वेग किती होता, गिअर कोणता, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता की उचललेला, रस्ता सरळ की वळण, गाडी गार होती की तापलेली, डिकीत काय होतं. आणि आवाज कसा होता ते मराठीत लिहा. हे मी मनापासून सांगतोय. खुळखुळ, खडखड, टक्, ठक्, घूं, घरघर, करकर, किणकिण, डुबुक: आपल्याकडे आवाजाला जितके नेमके शब्द आहेत, तितक्या नेमकेपणाने इथल्या गॅरेजवाल्याला मला अजूनही सांगता येत नाही. वहीत 'खुळखुळ' लिहिलंत तर काहीतरी हलकं आणि मोकळं आहे. 'ठक्' म्हणजे जड वस्तू एकदाच आपटते आहे. 'टक्' म्हणजे ताणलेली गोष्ट सुटते आहे. 'घूं' म्हणजे गोल फिरणारं काहीतरी झिजलं आहे. एवढ्या चार शब्दांत निम्मं काम होतं.

आठवड्यानंतर वही वाचा. एकदा आवाज मनात येईल तेव्हा चालू आणि बंद करता आला, की तो सापडल्यात जमा आहे. तो तसा हातात येत नाही तोवर एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. माझा हा नियम मी कुणासाठीच सैल करत नाही.

चाकाचे नट आणि डिकी

सगळ्यात आधी चाकांचे नट. २१चं सॉकेट, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना), आणि ८८ ते ११८ न्यूटन-मीटरच्या मधला आकडा; मी १०५ ठेवतो. सैल नटांची ठक् ही एकच अशी आहे की तिची चौकशी दुसऱ्या दिवसावर ढकलायची नाही.

मग डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाने, कापडाच्या चिंध्या, सगळं बाहेर. या गाडीची बॅटरीही डिकीतच असते, उजव्या कोपऱ्यात. कुणीतरी नंतर वेगळ्या मापाची बॅटरी बसवलेली असली तर तिची पट्टी नीट आवळली जात नाही, आणि प्रत्येक खड्ड्यात दहा-बारा किलोंचा ठोकळा 'ठक्' करतो. हाताने हलवून बघा. जरासुद्धा हलायला नको.

टप बंद असेल तेव्हाच आवाज येत असेल तर टपाच्या कड्या आणि सांधे बघा. काच अर्धी खाली असताना येत असेल तर दाराच्या आतली काच आपल्या पट्टीत सैल झाली आहे. सीटबेल्टची पट्टी कुणी बसलेलं नसताना मागच्या प्लास्टिकवर आपटते, तिला नुसतं हाताने धरून पाहा. हे किरकोळ वाटेल. पण मला आलेल्या फोनांपैकी बऱ्याच जणांचं 'गेलेलं डिफरन्सियल' या टप्प्यावरच बरं झालं आहे.

रस्त्यावरच्या चाचण्या

सकाळी लवकर, ओळखीचा, रिकामा रस्ता निवडा. शेजारी कुणी बसलं तर उत्तम; त्याने फोनवर रेकॉर्ड करायचं, तुम्ही फक्त गाडी चालवायची. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आवाज सतत येत असेल तर पहिला प्रश्न: तो इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर? वेग तोच ठेवून चौथ्याऐवजी तिसरा गिअर टाका. आवाजाचा सूर चढला तर इंजिन, क्लच, सायलेन्सर किंवा गिअरबॉक्सचा पुढचा भाग. सूर तसाच राहिला तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफरन्सियलकडे जोर नेणारा फिरता दांडा), डिफरन्सियल, बेअरिंग किंवा टायर. मग सरळ, मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी घरंगळू द्या. घूं तसाच चालू राहिला तर चाकाकडे बघायचं. न्यूट्रलमध्ये जवळजवळ नाहीसा झाला आणि जोर दिल्यावर परत आला तर क्राऊन-पिनियनकडे, म्हणजे डिफरन्सियलमधल्या दातांच्या जोडीकडे.

आवाज ठेक्यात येत असेल तर मोजा. या गाडीचं मूळ टायर १८५/६० आर १४. त्याचा घेर साधारण १.८ मीटर. ताशी १० मैलांना चाक सेकंदाला अडीच फेऱ्या मारतं. डिफरन्सियलचं प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या फेऱ्या, १.८ लिटर इंजिनच्या गाडीत ४.१ आणि १.६च्या गाडीत ४.३, म्हणजे त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला दहा-अकरा फेऱ्या मारतो. रेकॉर्डिंग घरी शांतपणे ऐका. दहा सेकंदांत पंचवीसच्या आसपास टक् मोजल्या तर चाक, डिस्क, अ‍ॅक्सल. शंभराच्या घरात असतील तर प्रोपेलर शाफ्ट. एवढं साधं गणित, पण ते शोधाची जागा थेट निम्म्यावर आणतं.

खड्ड्यांसाठी दोन चाचण्या आहेत. एकदा स्पीड ब्रेकरवरून सरळ जा, दोन्ही मागची चाकं एकदम वर जातील अशी. मग रस्त्याच्या कडेचा गटारीच्या झाकणाचा खळगा घ्या, म्हणजे एकच चाक खाली-वर होईल. दोन्ही वेळा ऐका. याचं उत्तर पुढे लागणार आहे.

ठक्

ठक् दोन जातींची असते: खड्ड्यातली आणि गिअरमधली. यांची सरमिसळ करू नका.

खड्ड्यातली ठक् एकच चाक हललं की येते, दोन्ही चाकं एकदम उचलली तर येत नाही. असं असेल तर संशय सरळ स्टॅबिलायझर बारच्या लिंकवर घ्या. बार म्हणजे वळणावर गाडी झुकू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, आणि लिंक म्हणजे त्याचं टोक सस्पेन्शनला जोडणारा छोटा दांडा. आपल्याकडचे मेकॅनिक तिला लिंक रॉड म्हणतात. दोन्ही चाकं बरोबर हलतात तेव्हा बार पिळलाच जात नाही, त्यामुळे लिंकवर जोर येत नाही आणि ती गप्प राहते. गाडी जॅकवर घेऊन लिंक हाताने हलवली तर ती घट्ट वाटते, कारण बार तिला एका बाजूला ताणून धरतो. इथे नवखे फसतात आणि लिंक चांगली म्हणून पुढे जातात.

माझ्या गाडीत ती अशी सापडली. चारही चाकं जमिनीवर, मी मागच्या चाकाशेजारी पालथा पडून हात आत घातलेला, दोन बोटं लिंकच्या वरच्या गोळीवर नुसती टेकवलेली. माझ्या पुतण्याला सांगितलं, डिकीचा कोपरा दाब आणि सोड, हळूहळू. कानाला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पण त्याने तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा बोटांच्या टोकांना एक बारीक उडी जाणवली, मनगटातली नाडी लागावी तशी. रबरी टोपणाखालचं ग्रीस कधीच धुऊन गेलं होतं, आत गंजाचं लालसर पाणी होतं. खात्रीसाठी दोन्ही बाजूंच्या लिंक काढून, बार वर बांधून, गल्लीतून सावकाश एक फेरी मारली. गाडी वळणावर जरा झुकली, पण खळग्यात पूर्ण शांत. लिंक परत लावली, ठक् परत आली. आता विकत घ्यायला हरकत नव्हती. आणि लिंक नेहमी जोडीने बदला.

दोन्ही चाकं एकदम उचलल्यावरही ठक् येत असेल तर शॉकअप. त्याचं वरचं टोक डिकीतला कपडा काढला की दिसतं. तिथे हात ठेवून कुणालातरी गाडी दाबायला सांगा. वरच्या रबराचा भुगा झाला असेल किंवा मधला नट सैल असेल तर हाताला धक्का कळतो. शॉकअपच्या दांड्यावरचा फोमचा बंपर या वयात बऱ्याचदा चुरा होऊन पडलेला असतो. मग भरलेल्या गाडीत मोठ्या खड्ड्याला लोखंडावर लोखंड आदळतं. स्प्रिंगचं खालचं वेटोळंही बघा. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने स्प्रिंग तळाशी गंजते आणि शेवटची अर्धी वेटोळी तुटून पडते. तुटलेलं टोक स्प्रिंगखालच्या बशीत लपलेलं असतं, म्हणून टॉर्च लावून बोट फिरवून बघावं लागतं. तुटलेल्या स्प्रिंगवर गाडी वर्षाच्या एमओटी तपासणीत नापास होते, आणि व्हायलाच हवी.

खडखडीच्या जवळ जाणारी हलकी ठक् असेल तर खड्ड्यांच्या रस्त्यावर ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवून चालवा. आवाज थांबला तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या पिना सैल आहेत. हे दोन मिनिटांत कळतं आणि स्वस्तात सुटतं.

आता गिअरमधली ठक्. अ‍ॅक्सिलरेटर दिला-सोडला की, किंवा क्लच सोडताना एकदा ठक्. इथे ती चार रबरं आठवा. हँडब्रेक लावून, बॉनेट उघडून, मदतनिसाला क्लच अगदी थोडा सोडायला सांगा, पहिल्या गिअरमध्ये आणि मग रिव्हर्समध्ये. तुम्ही गाडीच्या पुढे नव्हे, बाजूला उभे राहा. इंजिन उडी मारून तिरकं होत असेल तर इंजिनची रबरं गेली. ते स्थिर असेल तर मागे, डिफरन्सियलच्या दोन्ही हातांमधली रबरं बघायची. पहारीने हलकंच उचलून पाहिलं तर फाटलेल्या रबराची चीर उघडते.

पॉवर प्लांट फ्रेमचे बोल्टही याच वेळी तपासा. कुणी आधी क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम केलं असेल तर ही तुळई काढलेली असते, आणि घाईत परत लावलेली असते. टॉर्क १०४ ते १२३ न्यूटन-मीटर. फक्त आवळून बघा. बोल्ट सोडवून तुळई वर-खाली सरकवू नका. तिची उंची ठरलेली असते आणि ती चुकली तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून गाडी थरथरायला लागते.

प्रोपेलर शाफ्ट तपासायला गाडी स्टँडवर असताना, इंजिन बंद आणि गिअर टाकलेला, तो दोन्ही हातांनी पुढे-मागे पिळा. नजर क्रॉसवर ठेवा, म्हणजे शाफ्टच्या टोकाला दोन काट्यांना जोडणाऱ्या अधिकच्या चिन्हासारख्या सांध्यावर. एका बाजूचा काटा हलला आणि दुसरा क्षणभर उशिरा हलला तर क्रॉस झिजला आहे. या गाडीत क्रॉस ठोकून बसवलेले असतात, ट्रकसारखे काढून घालता येत नाहीत, त्यामुळे बहुतेक जण पूर्ण शाफ्टच बदलतात. दोन्ही काटे बरोबर हलले आणि थोडी मोकळीक डिफरन्सियलच्या आत जाणवली तर घाबरू नका. दातांमध्ये थोडी मोकळीक असायलाच हवी.

टक्

हा आवाज वेगळा काढून सांगतो, कारण यात मी स्वतः पैसे घालवले आहेत.

रिव्हर्समध्ये गाडी पार्किंगमधून बाहेर काढली, पहिला टाकला, निघालो, आणि मागच्या डाव्या चाकातून एकच, स्वच्छ टक्. दगडावर पितळेची डबी आपटावी तसा. मग पुढचे दहा मैल काही नाही. पुन्हा रिव्हर्स, पुन्हा पहिला, पुन्हा एक टक्. एका गॅरेजने सांगितलं, हाफ शाफ्टचा (डिफरन्सियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा) जॉइंट गेला. मी मानलं. नवा शाफ्ट पडला, मजुरी पडली, आणि गॅरेजच्या दारातून बाहेर पडतानाच टक् झालं. तेव्हा मला खूप वाईट वाटलं होतं. पैशांपेक्षा याचं की वहीत सगळं लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं: दिशा बदलल्यावर एकदाच. जॉइंट गेला असता तर तो चाकाच्या प्रत्येक फेरीला वाजला असता. शिवाय मागची चाकं वळत नाहीत, त्यामुळे मागच्या जॉइंटवर पुढच्या चाकांच्या गाडीसारखा ताण कधी येतच नाही. तिथे आधी रबरी टोपण फाटतं, ग्रीस चाकाच्या आत उडतं, आणि ते डोळ्यांना दिसतं.

खरं कारण असं. हाफ शाफ्टचं टोक हबमधल्या (चाक ज्यावर बसतं त्या गोल भागातल्या) खाचांतून बाहेर येतं आणि त्यावर एक मोठा नट बसतो, २९च्या सॉकेटचा. शाफ्टचा खांदा आतून बेअरिंगला टेकतो. ही टेकणारी बाजू कोरडी पडली, गंजली किंवा नट जरा सैल झाला, की जोराची दिशा बदलताना शाफ्ट केसभर सरकतो आणि टक् होतं. उपाय: गाडी जमिनीवर असताना नटाची चेपलेली कडा उघडून नट सैल करायचा, चाक काढायचं, शाफ्ट थोडा आत ढकलायचा, खांदा आणि खाचा स्वच्छ पुसून मॉलिब्डेनमचं ग्रीस लावायचं, नवा नट घालायचा, आणि २१६ ते २९४ न्यूटन-मीटरला आवळून त्याची कडा शाफ्टच्या खाचेत चेपायची. शेवटचं आवळणंही चाक जमिनीवर ठेवूनच, कारण हा टॉर्क मोठा आहे. स्टँडवर उभ्या गाडीवर एवढा जोर लावला तर ती घसरते. खर्च एक नट आणि बोटभर ग्रीस.

घूं

ताशी ३० मैलांच्या पुढे सुरू होणारा, वेगाबरोबर चढणारा घूं. यात तीन संशयित: टायर, बेअरिंग, डिफरन्सियल.

टायरपासून सुरुवात करा. ही गाडी वर्षाला हजार-दोन हजार मैल चालते, त्यामुळे टायरची नक्षी शिल्लक असते पण रबर म्हातारं झालेलं असतं. कडेवर चार आकडी छाप शोधा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मग तळहात नक्षीवरून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर हाच टायर गुणगुणतोय. चारही टायर एकाच मापाचे असतात, म्हणून त्याच बाजूची पुढची-मागची चाकं अदलाबदल करून बघा. आवाज पुढे गेला तर टायर.

बेअरिंग वळणावर बोलतं. लांब, संथ डाव्या वळणावर गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. घूं तिथे वाढला आणि उजव्या वळणावर कमी झाला तर बहुधा उजवं बेअरिंग. चाक वर घेऊन वरून-खालून धरून हलवा, मग एका हाताने चाक फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमध्ये बोटांना लागते, पिठाच्या गिरणीच्या दाराला हात लावल्यासारखी. मागची बेअरिंग हायड्रॉलिक प्रेसने बसवलेली असतात. घरी हातोड्याने ठोकू नका. पूर्ण नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग, खोलून प्रेसवाल्याकडे न्या.

डिफरन्सियलचा आवाज अ‍ॅक्सिलरेटरवरच्या पायाशी बांधलेला असतो. जोर देताना ओरडतं आणि पाय उचलला की सूर बदलतं, किंवा उलट. आधी तेल बघा. वरचा, भरायचा बोल्ट पहिल्यांदा उघडा. तो गंजून अडकला आणि तुम्ही खालचा उघडून बसलात, तर रिकाम्या डिफरन्सियलची गाडी दारात उभी राहते. तेल ७५डब्ल्यू-९०, जीएल-५ प्रतीचं, १.६च्या छोट्या डिफरन्सियलमध्ये ०.६५ लिटर, १.८च्या मोठ्यात १ लिटर. खालच्या बोल्टच्या चुंबकावरचा थर बोटांत चोळा. काळपट, लोण्यासारखा लेप असेल तर ती वयाची झीज. चमचमणारा कीस असेल तर बेअरिंग. नखासारखे तुकडे असतील तर गाडी तिथेच ठेवा. १.६मधलं डिफरन्सियल मुळात नाजूक आहे, विशेषतः कुणी इंजिनची ताकद वाढवली असेल तर, माझदाने १.८बरोबर मोठं दिलं ते उगाच नाही. पण नुसता बारीक घूं असेल, वर्षानुवर्षं तेवढाच असेल आणि चुंबक स्वच्छ असेल, तर तेल बदला आणि गाडी चालवा.

करकर आणि डुबुक

करकर बुशांची, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेल्या रबरी नळ्यांची. रबरी बुश कोरडं होऊन फाटतं, आणि कुणी पॉलीयुरेथेनचे बसवले असतील तर सिलिकॉन ग्रीस संपलं की ते जुन्या पलंगासारखे कुरकुरतात. पाण्याच्या फवाऱ्याने एकेक सांधा भिजवा आणि गाडी दाबा. ज्या सांध्यावर पाणी पडल्यावर करकर थांबली, तो तुमचा. खनिज तेल किंवा इंजिनचं ऑइल रबरावर मारू नका.

डुबुक मात्र ऐकली की मला काळजी वाटते. ब्रेक मारल्यावर किंवा वळताना सीटच्या मागे पाणी हेलकावल्यासारखा आवाज. अर्ध्या भरलेल्या पेट्रोलच्या टाकीचा असेल तर ठीक, टाकी तिथेच आहे. फुल भरून बघा. भरलेल्या टाकीतही डुबुक येत असेल तर उंबऱ्यात पाणी साठलंय. टपामागे पावसाचं पाणी वाहून जायला दोन नळ्या असतात, त्या मागच्या चाकांच्या जरा पुढे खाली उघडतात. पानांनी त्या तुंबतात, पाणी दाराखालच्या पोकळ उंबऱ्यात शिरतं, आणि ही गाडी तिथूनच सडते. तांब्याभर पाणी हळूच टपामागे ओता. चाकाच्या पुढे खाली धार दिसली पाहिजे. नसेल दिसत तर मऊ नायलॉनची दोरी फिरवून नळी मोकळी करा, टोकदार तार घालू नका. या एका आवाजाकडे दुर्लक्ष केलेल्या दोन चांगल्या गाड्या मी भंगारात जाताना पाहिल्या आहेत.

गाडी वर घेताना, बोल्ट आवळताना

सपाट, पक्की जमीन. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि मागचीच चाकं हवेत जाणार आहेत. ट्रॉली जॅक डिफरन्सियलच्या मधोमध, वर लाकडाचा तुकडा. मग दोन्ही बाजूंना स्टँड, उंबऱ्याखालच्या मजबूत केलेल्या जागी. ती जागा आधी बोटाने दाबून बघा; गंजाने पापुद्रे सुटत असतील तर स्टँड आत घुसेल, मग सबफ्रेमखाली (सस्पेन्शन धरणाऱ्या लोखंडी चौकटीखाली) लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली खांदासुद्धा घालायचा नाही. आणि चाकं हवेत ठेवून इंजिन गिअरमध्ये चालवणं हे नवख्याने करायचं काम नाही. हाताने फिरवून जे कळतं तेवढं पुरे.

सस्पेन्शनचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नका. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, करकरतं आणि वर्षभरात फाटतं. नुसते हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून सोडा, मग टॉर्क द्या. खालच्या हाताचे काही बोल्ट मध्यापासून सरकलेल्या चकतीचे असतात, त्यांनी चाकाचा कोन ठरतो. सोडवण्याआधी रंगाने खूण करा. तरीही काम झालं की अलाइनमेंट करून घ्या.

मग तोच रस्ता, तोच खळगा, तीच वेळ. वहीतल्या जुन्या नोंदीशेजारी नवी नोंद. शंभर मैल झाले की चाकांचे नट आणि सोडवलेला प्रत्येक बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा.